दावीद राजाची चतुःसीमा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवार पुरवणीत बायबलमधल्या राजांवर पानभर लेख आला होता, हेडिंग होतं ‘दावीद राजा झालाच नाही, उत्खननात सिद्ध’. पुढच्या रविवारी त्यावर दोन पत्रं छापलीत. एकात लिहिलेलं की जमिनीतून निघालेल्या प्रत्येक दगडानं बायबलचा शब्दन्शब्द खरा ठरवलाय, दुसऱ्यात लेखकाचं अभिनंदन आणि वर जगातल्या सगळ्याच जुन्या राजांची टिंगल. मी तिन्ही दोन-दोनदा वाचली, तर बायको म्हणाली एवढं पुटपुटताय तर लिहून पाठवा की. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण शेवटचा परिच्छेद तेवढा ठेवा, त्यात तुमची एक चूक दाखवलीय.

मी ख्रिश्चन नाही आणि इतिहासाचा प्राध्यापक पण नाही. भूमी अभिलेखला भूकरमापक होतो, लोक मोजणीदार म्हणतात. सातारा, कोरेगाव, खटाव आणि मधी काही वर्षं मिरज अशी नोकरी झाली. मिरजेला चर्चपासून जवळच भाड्यानं खोली होती, घरमालक म्हातारे ख्रिश्चन गृहस्थ, आम्ही त्यांना काका म्हणायचो. रात्री जेवण झालं की ओट्यावर बसून ते ‘राजे’ नावाचं पुस्तक वाचून दाखवायचे, मी शंका काढायचो आणि ते चिडायचे. तेव्हा एक गोष्ट लक्षात राहिली ती आजतागायत, की मराठी बायबलात जागोजागी येतं, अमक्या राजाचं बाकीचं सगळं ‘राजांच्या बखरीत’ लिहिलेलं आहे. बखर! शब्दच आपला. ती बखर काही मिळाली नाही कुणाला, पण मला तेव्हाच वाटलं की हे प्रकरण आपल्या ओळखीचं आहे.

आता मुद्द्याचं. जमिनीच्या वादात माणूस स्वतःचा कागद घेऊन येतो तेव्हा आम्ही तो बघतो, बाजूला ठेवतो आणि लगतच्याचं खरेदीखत मागवतो. का तर त्यात चतुःसीमा लिहिलेली असते, पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमक्या पाटलांची जमीन. आता त्या पाटलांचे स्वतःचे सगळे कागद जळून गेलेले असले तरी शेजाऱ्यानं आपल्या कागदात त्यांचं नाव घातलंय म्हणजे त्या काळी तिथं पाटील होते, एवढं पक्कं झालं. आणि तो शेजारी भांडणातला असेल तर जास्तच पक्कं, कारण त्याला पाटलांचं भलं करायची काय गरज. पण त्याच चतुःसीमेवरून पाटलांची जमीन तीन एकर होती का तीस, ते कळत नाही. आमच्या खात्यात नवीन आलेल्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही, मग वर्तमानपत्रात का समजावं लागतंय कळत नाही.

दावीदाच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. इस्राएलच्या अगदी उत्तरेला तेल दान म्हणून जागा आहे, तिथं अव्राहम बिरान यांचं उत्खनन चालू होतं. १९९३ च्या जुलैत तिथल्या गिला कुक या बाईंना उन्हं कलल्यावर एका भिंतीतल्या काळ्या दगडावर तिरप्या उजेडात अक्षरं दिसली. या बाई त्या उत्खननातल्या सर्व्हेयर, म्हणजे आमच्याच जातकुळीतल्या, हे मी जरा अभिमानानं सांगतो, प्रोफेसर मंडळी बाजूनं जात होती आणि अक्षरं दिसली मोजणीवाल्या बाईला. पुढच्या वर्षी आणखी दोन तुकडे मिळाले. लेख अरामी भाषेत, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला, बहुतेक दमास्कसच्या हजाएल राजाचा, आणि त्यात तो फुशारकी मारतो की मी इस्राएलच्या राजाला मारलं आणि ‘दावीदाच्या घराण्या’च्या राजाला मारलं. झाली की चतुःसीमा! दावीदानंतर शंभर-दीडशे वर्षांनी शेजारचा वैरी यहूदाच्या (यहूदा म्हणजे इस्राएलच्या दक्षिणेचं, यरुशलेम राजधानी असलेलं राज्य) राजवंशाला दावीदाच्या नावानं ओळखतोय. त्याच्या आधी बायबलबाहेर दावीदाचं नाव कुठंच मिळालेलं नव्हतं आणि युरोपातले काही अभ्यासक सरळ म्हणत होते की हा कल्पनेतला राजा. तुमच्या लेखकानं जे लिहिलंय ते १९९३ च्या आधीचं काहीतरी वाचून लिहिलंय असा माझा संशय आहे.

अर्थात वाद तिथंही झालाच. त्या दगडावर शब्दाशब्दांच्या मधे टिंब दिलेलं आहे, आणि नेमकं ‘घर’ आणि ‘दावीद’ यांच्या मधे टिंब नाही, म्हणून काहींनी काढलं की हे एखाद्या गावाचं नाव असेल, कुणी देवाचं म्हणालं. पण आजूबाजूची राज्यं अशीच ‘अमक्याचं घर’ म्हणून लिहायची रीत तेव्हा होती, इस्राएलच्या अम्री राजावरून ‘अम्रीचं घर’ म्हणून तर इस्राएलचं नावच असिरियाच्या (आत्ताच्या इराकमधलं त्या काळचं बलाढ्य राज्य) कागदात येतं, त्यामुळं बहुतेक लोकांनी तो राजवंशच धरला. मी पण धरतो.

मात्र पहिल्या पत्रवाल्या भाविक बंधूंनी इथं लगेच उडी मारू नये. या दगडात दावीदानं गोफणीनं मारला म्हणतात तो राक्षसासारखा योद्धा गल्याथ नाही, गोफण नाही, मोठं साम्राज्य नाही. उलट एक गंमत बघा, हजाएल म्हणतो दोन्ही राजे मी मारले, आणि बायबल म्हणतं येहू नावाच्या सेनापतीनं बंड करून मारले. मेलेल्या दोघांबद्दल वाद नाही, मारल्याचं क्रेडिट कुणाचं यावर वाद. तीन हजार वर्षांत फार काही बदललेलं नाही. आणि गल्याथाचं म्हणाल तर शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात २१ व्या अध्यायात गल्याथाला मारणारा एल्हानान नावाचा दुसराच माणूस आहे, ते काकांना दाखवलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

अम्रीचं नाव आलं म्हणून सांगतो, माझा सगळ्यात आवडता राजा तोच. बायबलात त्याला सहा वचनं मिळाली, शोमरोन नावाचं शहर बांधलं, देवाच्या दृष्टीनं वाईट वागला, मेला, संपलं. बाहेरचे कागद बघितले तर हा माणूस केवढा मोठा! मवाबचा राजा मेशा (मवाब म्हणजे आत्ताच्या जॉर्डनमधला एक भाग), त्याचा शिलालेख १८६८ साली धिबानला एका मिशनऱ्यानं बघितला, त्यात मेशा म्हणतो की अम्रीनं आम्हाला पुष्कळ दिवस छळलं. त्या दगडाची कहाणी वाईट आहे. कोण विकत घेणार यावर ओढाताण लागली आणि तिथल्या टोळीवाल्यांनी तो तापवून वरून गार पाणी ओतून फोडला, नशिबानं क्लेर्मों-गानो नावाच्या फ्रेंच माणसानं त्याआधी ओला कागद दाबून ठसा करवून ठेवला होता म्हणून आज तो वाचता येतो. मेशाचं नाव बायबलात पण आहे, इस्राएलला मेंढरांची आणि लोकरीची खंडणी भरायचा आणि मग फिरला म्हणून. दोघंही आपापल्या परीनं शेवट आपल्या सोयीचा सांगतात.

पुढं मजा अशी की अम्रीचं घराणं येहूनं कापून काढलं, एक माणूस ठेवला नाही, तरी असिरियाचा शल्मनेसर तिसरा याच्या काळ्या स्तंभावर येहू खंडणी देतो ते चित्र आहे आणि वर लिहिलंय येहू, अम्रीचा मुलगा! ज्यानं वंश संपवला त्यालाच वारस लावलंय. आमच्याकडं सात-बारावर आजोबांचं नाव पन्नास वर्षं चालूच राहतं, वारसनोंद कुणी करत नाही, तसं असिरियाच्या दप्तरात फेरफारच झाला नव्हता म्हणायचं. हा खांब १८४६ ला लेयार्डनं निमरूदला खणून काढला, बायबलमधल्या राजाचं त्या काळातलंच कोरलेलं चित्र म्हणून तो फार नावाजलेला आहे, येहू किंवा त्याचा वकील पार जमिनीला नाक लावून पडलाय.

अम्रीचा मुलगा अहाब, तो आणि त्याची बायको ईजबेल म्हणजे बायबलातले खलनायक. नाबोथाचा द्राक्षमळा ढापला ही कथा तर मोजणीदारानं पाठच करून ठेवावी अशी आहे. पण इसवी सनापूर्वी ८५३ मधे कार्कारला असिरियाविरुद्ध जी आघाडी उभी राहिली त्यात ‘इस्राएलचा अहाब, दोन हजार रथ, दहा हजार पायदळ’ अशी नोंद खुद्द शत्रूनं करून ठेवलीय. रथांचा आकडा लेखनिकानं फुगवला किंवा चुकवला असं काही जण म्हणतात, म्हणू देत, पण एवढी मोठी लढाई आणि बायबलात तिच्याबद्दल एक ओळ नाही! बखरकाराला राजा आवडत नसला की असं होतं. आपल्याकडच्या बखरी वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

यहूदाचा राजा हिज्कीया आणि सन्हेरीब यांचं प्रकरण मात्र प्रत्येकानं वाचावं, कारण इथं दोन्ही पार्ट्यांचे कागद हातात आहेत. इसवी सनापूर्वी ७०१, असिरियाचा सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्याच्या मातीच्या प्रिझमवर लिहिलंय की हिज्कीयाची ४६ तटबंदीची शहरं घेतली आणि त्याला त्याच्याच राजधानीत पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडला. बायबल म्हणतं देवदूतानं रात्रीत एक लाख पंच्याऐंशी हजार सैनिक मारले आणि सन्हेरीब घरी गेला. आता बघा, सन्हेरीब सगळं सांगतो, शहरं, कैदी, लूट, पण यरुशलेम घेतलं असं म्हणत नाही. कोंडला म्हणतो. घेतलं असतं तर सोडलं असतं का सांगायचं? आणि खंडणीचं सोनं दोन्हीकडं तीस किक्कार (तेव्हाचं एक मोठं वजन), चांदीत मात्र फरक, बायबलात तीनशे आणि त्याच्याकडं आठशे. मोजणीच्या दिवशी दोन्ही पार्ट्या बांधावर उभ्या राहून एकमेकांच्या सात पिढ्या काढत असतात, तेव्हा आम्ही काय करायचो, दोघंही न भांडता ज्या दगडाला मान देतात तो दगड पहिला धरायचो आणि तिथनं साखळी टाकायचो. इथं तो दगड म्हणजे तीस किक्कार सोनं आणि न पडलेलं यरुशलेम. देवदूत काही माझ्या साखळीनं मोजता येत नाही, तो काकांचा प्रांत.

त्या वेढ्यात लाखीश नावाचं शहर पडलं. बायबलात त्याचा ओझरता उल्लेख आहे, पण सन्हेरीबानं निनवेच्या राजवाड्यात एका दालनाच्या भिंतीच्या भिंती त्याच्या चित्रांनी भरवल्या, त्या आता लंडनला आहेत. आणि खुद्द लाखीशला असिरियन सैन्यानं तटाला लावलेला दगडांचा चढ अजून दिसतो. यरुशलेमच्या पोटातून जो बोगदा जातो, ५३३ मीटरचा, तो बहुतेक याच भीतीनं हिज्कीयानं पाणी आत घ्यायला खणला असं बायबलवरून धरतात. दोन टोकांनी दोन टोळ्या खणत आल्या आणि मधे भेटल्या, वाकडीतिकडी वळणं घेत. १८८० मधे त्यात एक लेख सापडला, त्यात म्हटलंय की तीन हात अंतर राहिलं तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहायला लागलं. त्या लेखात राजाचं नावच नाही! ना हिज्कीया ना कुणी. सगळं खणणाऱ्यांच्या बाजूनं. इकडं साधी पाण्याची टाकी बांधली तरी पाटीवर अकरा नावं असतात.

आता दावीदाचा मुलगा शलमोन. इथं मी तुमच्या लेखकाच्या थोडा जवळ जातो. सातशे राण्या, तीनशे उपपत्नी, सोन्याचं मंदिर, आणि घोड्यांचे ठाण एका पुस्तकात चाळीस हजार तर दुसऱ्यात चार हजार. पण लगतधारकाचा एकही कागद नाही. त्याच्या काळातल्या कुठल्याही शेजाऱ्यानं त्याचं नाव घातलेलं नाही. मंदिराची जागा म्हणजे आजचं यरुशलेममधलं सगळ्यात तापलेलं ठिकाण, तिथं खणायला कोण देणार. हासोर, मगिद्दो आणि गेजेर या तिन्ही ठिकाणी एकसारखे सहा खोल्यांचे दरवाजे मिळाले आणि उत्खनन करणारे यादीनसाहेब म्हणाले हे शलमोनाचेच, कारण ‘राजे’ मधे तीच तीन नावं एका ओळीत आहेत. मग १९९० नंतर फिंकेलश्टाइन या दुसऱ्या पुरातत्त्ववाल्यांनी सगळा कालखंडच पाऊणशे ते शंभर वर्षं अलीकडं ओढला आणि तेच दरवाजे अम्री-अहाबाच्या खात्यावर पडले. मगिद्दोला ज्यांना शलमोनाचे तबेले म्हणायचे तेही नंतर अहाबाच्या काळाकडं गेले, आणि ते तबेले होते का कोठारं यावर पण भांडण. तिम्नाच्या तांब्याच्या खाणींचं तर लई झालं, आधी १९३० च्या दशकात ग्लूक नावाचे अभ्यासक म्हणाले शलमोनाच्या, मग तिथं इजिप्तवाल्यांचं देऊळ निघालं तेव्हा अभ्यासक म्हणाले छे, त्याच्या कितीतरी आधीच्या, आणि आत्ता अलीकडं कार्बन तारखा काढल्या तर पुष्कळसं काम दहाव्या शतकातलंच निघालं, म्हणजे काळ शलमोनाचा पण नाव कुणाचंच नाही. अशा गटावर आम्ही शेरा मारतो ‘अभिलेख उपलब्ध नाही’. धारक अस्तित्वात नव्हता असा शेरा कुणी मारत नाही आणि जमीन त्याचीच असंही लिहून देत नाही.

खोट्या कागदांचं पण सांगितलं पाहिजे. शलमोनाच्या मंदिरातलं म्हणून हस्तिदंताचं अंगठ्याएवढं डाळिंब इस्राएलच्या म्युझियमनं १९८८ मधे साडेपाच लाख डॉलरला घेतलं. २००४ ला त्यांच्याच तज्ञांनी सांगितलं, डाळिंब जुनं आहे पण अक्षरं नवीन आहेत. जुना कोरा स्टॅम्प पेपर आणि मागची तारीख, दुसरं काय! पण ते खोटं निघालं म्हणून तेल दानचा दगड खोटा होत नाही, तो तर उत्खननात भिंतीतून निघालाय, दुकानातून नाही.

२०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा मी नातवाला घेऊन रांगेत होतो. पेटीवरचा मजकूर सांगतो की ती ग्रँट डफला, साताऱ्याचा रेसिडेंट असताना, मिळाली. आणि लंडनचं म्युझियम स्वतःच म्हणतं की महाराजांनी वापरली ती हीच असं खात्रीनं सांगता येत नाही. त्यावरून केवढी भांडणं झाली तुम्ही छापलीच आहेत. पण प्रतापगडाखाली १६५९ ला काय झालं ते या नखांवर अवलंबून आहे का? राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांच्या त्याच वर्षीच्या पत्रांत अफझलखान मारला गेल्याची बातमी आहे. लगतधारकाचा कागद. नखं हीच असोत वा नसोत, तो कागद कुठं जात नाही. नातवानं रांगेत विचारलं, आजोबा मग आपण कशाला आलो? मी म्हटलं बघायला, आणि खरंच बघून आलो तेव्हा मलापण अंगावर काटा आला होता, त्यात काय लपवायचं.

तसंच एकदा मुंबईला झालेलं, २०१३-१४ च्या हिवाळ्यात. इराणच्या कोरेश (सायरस) राजाचा मातीचा लेख ब्रिटिश म्युझियममधून मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आला होता, मी काकांना एस्टीनं घेऊन गेलो, ते तेव्हा ऐंशीच्या पुढं. लेख म्हणजे केवढा, पाट्यावरच्या वरवंट्याएवढा. काका हात जोडून उभे, कारण बायबलात यहुद्यांना बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) कैदेतून घरी सोडणारा हाच राजा. मी माहिती वाचत होतो. त्या लेखात ठिकठिकाणचे देव आणि माणसं आपापल्या जागी परत पाठवल्याचं आहे, पण यहूदी किंवा यरुशलेम हा शब्द एकदाही नाही. काकांना सांगू का नको असं झालं. शेवटी दादरला वडापाव खाताना सांगितलं. ते म्हणाले, अरे त्यानं सगळ्यांनाच सोडलं ना, मग आमची वेगळी पावती कशाला? यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आणि पावतीचंच म्हणाल तर यहूदाचा कैद झालेला राजा यहोयाखीन याची खरीच पावती मिळालीय, बाबेलच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या निघाल्या त्यात त्याला आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल द्यायचं त्याची नोंद आहे. एवढ्या सगळ्या राजांत हा एकच मला खराखुरा डोळ्यासमोर दिसतो, परमुलखात शिध्याच्या रांगेतला राजा.

तर साहेब, ‘झालाच नाही’ आणि ‘शब्दन्शब्द खरा’ ही दोन्ही हेडिंगं माझ्या टेबलावर आली असती तर मी परत पाठवली असती. चाळीसेक राजांची नावं आहेत, प्रत्येकाचा गट वेगळा, प्रत्येकाची मोजणी वेगळी करावी लागते. दावीदाच्या आधीचा राजा शौल, त्याला बाहेरचा कागद नाही, दावीदाला नावापुरता आहे, शलमोनाला नाही, अम्रीपासून पुढं ढीगभर आहेत. एवढं जरी त्या लेखात चौकट करून छापलं असतं तरी मला पत्र लिहायला लागलं नसतं.

आणि ती चूक. लेखात मेशाच्या शिलालेखाचा फोटो छापून खाली लिहिलंय ‘ब्रिटिश म्युझियम, लंडन’. तो पॅरिसला आहे, लूव्ह्र म्युझियममधे. दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मोजणीदार, सातारा